घुंगरू लावलेला रांजण

किती वर्षांपूर्वीची गोष्ट, ते मला विचारू नका. मोजणारे केव्हाच गेले आणि मला आकडे लक्षात राहत नाहीत. पण एके काळी घाटाच्या पायथ्याशी, जिथे खाचरात भात पिकतो आणि ओढ्याकाठी कोकमाची झाडं दाटीने वाढतात, तिथे एक लहानसं राज्य होतं. एका टोकाला राजवाडा, दुसऱ्या टोकाला कुंभारवाडा. सकाळी न्याहारी करून निघालं तर दुपारच्या जेवणाला माणूस पोचायचा, एवढंच काय ते राज्य.

या कुंभारवाड्यात ठकू नावाची कुंभारीण राहायची. नवरा लवकर गेला. तेव्हापासून चाकही तीच फिरवायची आणि भट्टीही तीच लावायची. हात असा होता की माती तिचं ऐकायची. पण स्वभाव भडक. भट्टी पेटवली की तिला धीर धरवायचा नाही. आच कमी आहे असं नुसतं वाटलं, तरी दोन ओंडके जास्त सारायची. म्हणून तिची निम्मी मडकी करपायची, नाहीतर तडकायची. बोलण्याचंही तसंच. सकाळी ज्या घराशी कडाक्याचं भांडायची, संध्याकाळी त्याच घरी ताकाचा तांब्या घेऊन जायची आणि मान खाली घालून उभी राहायची.

आणि हे सगळं तिला माहीत होतं बरं का. आपल्यातल्या बहुतेकांना आपला स्वभाव शेजाऱ्यांकडून कळतो, तोही भांडणात. ठकूला तो स्वतःहून ठाऊक होता. तो बदलता मात्र येत नव्हता. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला राज्यातल्या कोंबड्यांवर मानमोडीचा रोग आला. हा रोग वाईट. सकाळी दाणे टिपणारी कोंबडी दुपारी मान वाकडी करून बसते आणि संध्याकाळी नसते. पंधरा दिवसांत गावोगावची खुराडी ओस पडली. पहाटे आरवायला कोणी उरलं नाही. उकिरड्यातले विंचू आणि गोमी खायला कोणी नव्हतं, तेव्हा ते घरात शिरू लागले. बाळंतिणीला अंडं मिळेना. घाटापलीकडून कोंबड्या आणाव्यात तर तिकडेही तोच रोग. त्या मातीतली, त्या पावसाला सोसणारी ती तांबूस कोंबडी आता कायमचीच जाणार, असं म्हातारी माणसं बोलू लागली.

एकच कोंबडी उरली होती आणि ती ठकूची होती. ती खुडूक झाली होती, म्हणजे दाणापाणी सोडून अंड्यांवर ठाण मांडून बसली होती. भट्टीमागच्या खोपटात तिच्या पोटाखाली अकरा अंडी होती. तिथे दुसरं कोणी जात नसे, म्हणूनच रोग तिच्यापर्यंत उशिरा पोचला. स्वभावाने ती मालकिणीपेक्षा काकणभर जास्तच तुसडी होती. त्या दोघींचं कधी पटलं नाही. कोंबडी ओल्या मडक्यांवर चढायची, ठकू तिला शिव्या घालायची, कोंबडी जाताना आणखी एक मडकं कलंडवून जायची.

सहाव्या दिवशी सकाळी ठकू दाणे घेऊन गेली, तेव्हा कोंबडीची मान एका बाजूला कलली होती.

"ठके," कोंबडी म्हणाली, "माझं काही खरं नाही. आज संध्याकाळ मी बघत नाही."

ठकूने तिला दटावलं आणि लगेच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कोंबडीला रडणं आवडत नसे. तिने ठकूला गप्प बसायला सांगितलं आणि पोटाखाली हात घालायला लावला. ठकूच्या बोटांवर मुठेल होतं. मुठेल म्हणजे कोकमाच्या बिया कुटून, उकळून काढलेलं तेल. ते गार झालं की पांढरं, घट्ट होतं आणि मुठीत दाबून त्याचे गोळे करून ठेवतात. मातीने हात फुटायचे म्हणून ठकू हिवाळाभर ते चोळायची. कोंबडीच्या पोटाखाली बोट गेलं आणि बोटावरचा मुठेलाचा कण मऊ झाला. पार वितळला नाही, घट्टही राहिला नाही.

"एवढी ऊब," कोंबडी म्हणाली. "एवढीच. अजून सोळा दिवस. थोडी कमी पडली तर पिल्लू जरा वेळ वाट बघतं. जास्त झाली तर बघत नाही. आणि तुझं मला माहीत आहे, तू कमी घालणाऱ्यातली नव्हेस."

मग तिने बाकीचं सांगितलं. दिवसातून तीन वेळा प्रत्येक अंड्याची कूस बदलायची. थोडी ओल ठेवायची. शेवटचे तीन दिवस मात्र अंड्यांना हात लावायचा नाही. सांगून झाल्यावर तिने चोच पिसांत खुपसली. दुपार होण्याआधीच ती गेली. ठकूने तिला ओढ्याकाठच्या कोकमाखाली पुरलं, आणि पुरताना अकराच्या अकरा अंडी लुगड्याच्या ओच्यात पोटाशी धरून ठेवली होती.

त्याच दिवशी राजाचा कारभारी मेलेल्या कोंबड्यांची खबर घ्यायला कुंभारवाड्यात आला होता. अकरा अंडी शिल्लक आहेत हे कळताच त्याने ती मागितली. राजवाड्यात दगडी दालन आहे, शेगड्या आहेत, माणसं आहेत. अंडी तिथेच उबवली जातील, असं त्याने सांगितलं. ठकूने नाही म्हटलं. लोक जमले. आणि खोटं कशाला सांगू, लोक कारभाऱ्याच्या बाजूने बोलले. जिच्या भट्टीतली निम्मी मडकी करपतात, तिच्या हाती राज्यातली शेवटची अंडी कोण देईल? ठकू संतापली. तोंड उघडून काहीतरी भयंकर बोलणार, तेवढ्यात तिला ओच्यातली अंडी आठवली. ओरडताना पोट हललं असतं. ती तशीच गप्प उभी राहिली. तिला गप्प राहिलेली गावाने प्रथमच पाहिली.

शेवटी येसाई म्हातारी पुढे आली. येसाई ठकूची शेजारीण, गावात सगळ्यांत वयाची. ती म्हणाली, कोंबडी ठकूची होती, निदान पाच तरी तिच्याकडे राहू देत. कारभाऱ्याला हे पटलं. सहा अंडी लोकरीत गुंडाळून राजवाड्यात गेली आणि पाच ठकूच्या पोटाशी राहिली.

आता खरं काम सुरू झालं. मला या बाईचं जे कौतुक आहे, ते इथून पुढचं.

पाच अंडी फडक्यात घालून तिने पोटाला बांधली आणि त्यावर घोंगडी पांघरली. तशीच ती मातीत हात घालून बसली. वाकता येत नव्हतं, पळता येत नव्हतं, कोणावर खेकसता तर मुळीच येत नव्हतं. झोपायचं तेही ऊन भट्टीला पाठ टेकून, बसल्या बसल्या. असे दोन दिवस गेले. येसाईने तिला माती मळून दिली, पाणी आणून दिलं आणि घासही भरवला.

पहिल्यांदा तिने एका मडक्यात गवत घातलं, मडकं निखाऱ्यांवर ठेवलं. अंडी घातली नाहीत, नुसता मुठेलाचा एक गोळा घातला. बघते तर गोळ्याचं क्षणात पाणी. तिने ते मडकं बाजूला सारलं. मग निखाऱ्यांवर राखेचा थर दिला. गोळा आधी टणक राहिला, मग एकदम वितळला. विस्तवाचं हे असंच असतं, आणि ठकूला ते नवीन नव्हतं. ती स्वतः त्यातलीच होती.

दुसऱ्या दिवशी ती चाकाजवळ बसून विचार करत होती. शेजारी सकाळी तापवलेल्या पाण्याची घागर होती. दुपार झाली तरी घागर कोमट होती. तिने हात लावून पाहिलं, परत पाहिलं. पाणी तापायलाही वेळ घेतं आणि निवायलाही. ते एकदम भडकत नाही आणि एकदम रुसत नाही. तिला वाटलं, माझ्यात आणि विस्तवात कोणीतरी असं मध्ये बसलं पाहिजे.

मग तिने मोठा रांजण घेतला आणि तीन दगडांवर ठेवला. त्यात पाणी भरलं. पाण्यात एक लहान मडकं गळ्यापर्यंत बसवलं, अंडी त्यात ठेवायची. रांजणाभोवती धान्याची बिनबुडाची कणगी उभी केली आणि मधल्या जागेत भाताचं तूस ठासून भरलं, म्हणजे ऊब बाहेर पळू नये. खाली विस्तव नाहीच. बाजूला मातीचा एक कोनाडा केला, त्यात तेलाचा एक दिवा ठेवला. दिव्याची ऊब एका भोकातून रांजणाच्या बुडाशी जायची. बस्स, एवढीच. पाणी सावकाश तापलं, आतल्या मडक्यातला मुठेलाचा गोळा कडेने मऊ झाला आणि तसाच राहिला. येसाईने कपाळाला हात लावून म्हटलं, झालं गं बाई तुझं काम.

पण ठकूचं समाधान झालं नाही. इथेच ती इतरांहून वेगळी. रांजण चांगला आहे, दिवाही चांगला आहे, पण दिव्याची वात पुढे सारणारा हात आपलाच आहे, हे ती विसरली नव्हती. उद्या गारठा पडला, उद्या मन घाबरलं, की हा हात वात मोठी करणार. तो नेहमी तेच करत आला आहे.

"येसाई," ती म्हणाली, "मला विस्तवाची भीती नाही. मला माझी भीती आहे."

म्हणून तिने आणखी एक गोष्ट केली. ती नीट ऐका. मुलं भातुकलीत खेळतात तसलं एक बोळकं तिने घेतलं. त्यात पातळ मुठेल ओतलं आणि एका दोऱ्याला खडा बांधून तो त्यात बुडवला. मुठेल घट्ट झालं, खडा आत पक्का बसला. बोळकं तिने मडक्यात अंड्यांशेजारी काथ्याने बांधून ठेवलं. दोरा झाकणाच्या भोकातून बाहेर काढला, एका खुंटीवरून घेतला आणि दुसऱ्या टोकाला मातीची भाजलेली चकती टांगली. चकती बरोबर त्या भोकाच्या वरच्या बाजूला लटकत होती, जिथून दिव्याची ऊब आत जायची. आत ऊब योग्य असेल तोवर मुठेल खड्याला धरून ठेवी. ऊब जास्त झाली की मुठेल पातळ व्हायचं, खडा सुटायचा, चकती घसरून भोक बंद व्हायचं. दिव्याने कितीही जळावं, ऊब आत जाणार नाही. आणि चकतीला तिने बैलाच्या गळ्यातलं एक जुनं घुंगरू बांधलं. चकती पडली की घुंगरू वाजायचं, म्हणजे ठकूने यायचं, आतलं निवू द्यायचं, घट्ट मुठेलाचं दुसरं बोळकं ठेवायचं आणि चकती परत वर टांगायची.

आणि ऊब कमी पडली तर? तर दोरा हलकेच ओढून बघायचा. बोळक्यातलं मुठेल मऊ असेल तर तो किंचित लवतो. दगडासारखा ताठ लागला की समजायचं गार झालं, आणि रांजणात तांब्याभर कढत पाणी ओतायचं. झाकण उघडायचं कारण नाही.

ना तिला कोणी शिकवलं होतं, ना असलं काही तिने कुठे पाहिलं होतं. पाच अंडी पोटाला बांधून बसलेल्या बाईने हे दोन दिवसांत केलं. सांगताना अजून मला बरं वाटतं.

अंडी रांजणात गेली. प्रत्येक अंड्याच्या एका कुशीला तिने काजळाचं बोट लावलं, दुसऱ्या कुशीला कुंकवाचं. सकाळी काजळ वर, दुपारी कुंकू वर, संध्याकाळी परत काजळ. दुसऱ्या दिवशी परत कुंकवापासून. आत एक ओली चिंधी ठेवली. पहिल्या आठवड्यात घुंगरू चार वेळा वाजलं. दोनदा दुपारच्या उन्हाने आणि दोनदा, मान्य करू या, ठकूने वात मोठी केल्यामुळे.

त्या गावात एक रीत होती. बाळ जन्मलं की बायका ओळीने बघायला जायच्या, आणि टोपडं वर करून तोंड बघितल्याशिवाय परत फिरायच्या नाहीत. रांजणाची बातमी पसरली तशा त्या ठकूकडेही आल्या, हातात नारळ आणि मूठभर तांदूळ घेऊन, आणि सरळ झाकणाला हात घातला. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की आतली ऊब निघून जायची. ठकूच्या ओठांवर शब्द आले होते. पण घरी आलेल्या ओटीला नाही कसं म्हणायचं? तिने सगळ्यांना हात जोडून सांगितलं, बाळ अजून पोटात आहे, त्याचं तोंड बघत नाहीत, कान लावा. मग बायका कणगीवर वाकून झाकणाला कान लावायच्या, काहीच ऐकू यायचं नाही, आणि तरी खूश होऊन जायच्या.

राजवाड्यात काय चाललं होतं, तेही सांगतो. तिथे बारा सेवक नेमले होते. प्रत्येकाची पाळी ठरली होती. राजाच्या हुकमावरून कारभाऱ्याने ताकीद दिली होती की ज्याच्या पाळीत शेगडी विझेल, त्याची गाठ महाराजांशी आहे. शेगडी जास्त तापली तर काय, हे कोणी बोललं नव्हतं. तेव्हा प्रत्येक सेवक पाळी संपवून जाताना दोन निखारे जास्त टाकून जायचा. माणसं वाईट नव्हती. आपल्यावर येऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. विचारलं की सगळे सांगायचे, शेगडी छान धगधगते आहे.

एकविसावा दिवस उजाडला. राजवाड्यात सनई लावून दालनाचं दार उघडलं. राजा स्वतः आत गेला, आणि नाकाला शेला लावून बाहेर आला. सहाही अंडी आतून शिजून, वाळून गेली होती.

ही बातमी दुपारपर्यंत कुंभारवाड्यात पोचली. आता जगात ती पाचच अंडी उरली होती. सगळं गाव ठकूच्या अंगणात गोळा झालं. एकविसावा दिवस अर्धा उलटला होता आणि रांजणातून आवाज नव्हता.

लोक बोलू लागले. कोणी म्हणालं, ऊब कमी पडली असेल. कोणी म्हणालं, आमच्या घरची कोंबडी अंड्यांवर बसली की हात भाजायचा. येसाईसुद्धा, जी कधी घाबरत नसे, ती घाबरली. ती हळूच म्हणाली, "ठके, जरा वात मोठी कर गं. एवढ्याने काय होतंय?"

ठकूला धीर धरवेना. तिने वात मोठी केली. मन भरलं नाही, म्हणून घरातला दुसरा दिवा आणून पहिल्याशेजारी ठेवला. थोड्या वेळाने आत मुठेल वितळलं, खडा सुटला, चकती पडली आणि घुंगरू वाजलं.

तिने दुसरं बोळकं ठेवलं, चकती परत वर टांगली, दोन्ही दिवे तसेच ठेवले. घुंगरू परत वाजलं.

आता तिला त्या घुंगराचा राग आला. राग म्हणजे कसा, डोळ्यांपुढे लाल झालं. इतक्या दिवसांचं जागरण, त्या कोंबडीचे शेवटचे शब्द, गावाच्या नजरा, सगळं त्या एवढ्याशा घुंगरावर आलं. ती उठली आणि चकती दोऱ्यासकट उपटायला तिने हात घातला.

हात तिथेच थांबला. त्या चकतीवर तिच्या अंगठ्याचा ठसा होता, ओल्या मातीत उमटून भाजला गेलेला. ज्या दिवशी ती शांत होती, ज्या दिवशी पोटाला अंडी बांधून ती विचार करत बसली होती, त्या दिवशीच्या ठकूचा तो अंगठा. तिने आजच्या ठकूला ओळखलं होतं आणि तिच्यासाठी हे घुंगरू ठेवून गेली होती.

ठकूने दुसरा दिवा फुंकला. पहिल्याची वात मागे ओढली. मग ती अंगणात, सगळ्यांसमोर, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली आणि तिने गावाला सांगितलं, मला आता कोणी काही सांगू नका, मी ऐकेन आणि वाईट होईल. सूर्य मावळेपर्यंत ती तशीच बसून होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

खरं काय घडलं होतं, ते कोंबडी आधीच सांगून गेली होती. पोटाला बांधलेले ते दोन दिवस अंड्यांना ऊब जरा कमी मिळाली होती, आणि पिल्लं वाट बघत होती. एक दिवस त्यांना जास्त हवा होता. बाविसाव्या दिवशी सकाळी येसाईने झाकणाला कान लावला. तिला आतून टकटक ऐकू आली. तिने ठकूला बोलावलं आणि तिचं डोकं झाकणावर टेकवलं.

संध्याकाळपर्यंत तीन पिल्लं बाहेर आली होती. ओली, लुळ्या मानेची, एकमेकांवर पडणारी. रात्रीतून वाळून ती तांबूस झाली. एक अंडं रिकामं निघालं. एका अंड्यात पिल्लू होतं पण ते आलं नाही, ठकूने ते कोकमाखाली त्याच्या आईशेजारी ठेवलं. तिघांमधला एक कोंबडा होता आणि दोन कोंबड्या. राज्याला पुरेसं होतं.

दोन दिवसांनी राजा स्वतः आला. बरोबर कारभारी होता आणि मागे ते बारा सेवक मान खाली घालून चालत होते. राजाने पिल्लं पाहिली, रांजण पाहिला, चकती पाहिली. ठकूने त्याला सगळं समजावून सांगितलं, मुठेलापासून घुंगरापर्यंत. वात आपणच मोठी केली, हेही लपवलं नाही.

राजा म्हणाला, "म्हणजे ठकूबाई, तुमच्याच रांजणाने तुम्हाला अडवलं?"

"मीच मला अडवलं, महाराज," ठकू म्हणाली. "फक्त आधी अडवलं. डोकं थंड होतं तेव्हा."

राजाला हे फार आवडलं. तो मनापासून हसला. पण हसता हसता त्याची नजर त्या बारा सेवकांकडे गेली आणि त्याला दालनातला तो वास आठवला. एका अडाणी बाईला जे जमलं ते यांना जमलं नाही, म्हणून त्याचा चेहरा तापला, आवाज चढला. त्याने कारभाऱ्याला सांगितलं, या बाराही जणांना बायकामुलांसकट आत्ताच्या आत्ता घाटाबाहेर हाकलून द्या. कारभाऱ्याने मुजरा केला.

ठकूने हात पुढे केला आणि एका बोटाने घुंगरू वाजवलं.

राजाने तिच्याकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती, पण बोट अजून घुंगरावरच होतं. मग त्याने पायाशी फिरणाऱ्या पिल्लाला वाट देण्यासाठी पाय मागे घेतला आणि हलक्या आवाजात कारभाऱ्याला म्हणाला, "राहू दे. यांना शेगडी विझल्याचं भय मीच घातलं होतं. जास्त तापल्याचं कोणी सांगितलंच नव्हतं."

बारा माणसं आपापल्या घरी गेली. जाताना राजाने ठकूकडे एकच वस्तू मागितली, तसलंच एक घुंगरू. ते त्याने दरबारात आपल्या बैठकीशेजारी टांगलं आणि कारभाऱ्याला हुकूम केला की माझा आवाज चढला की वाजवायचं. पहिले काही दिवस बिचारा कारभारी डोळे मिटूनच ते वाजवायचा. पुढे सवय झाली. त्या राज्यात त्यानंतर कोणाला रागाच्या भरात शिक्षा झाली नाही.

वर्षभरात घरोघरी तांबूस कोंबड्या फिरू लागल्या. पहाटे परत आरवणं ऐकू येऊ लागलं. ठकूचा स्वभाव बदलला का, असं तुम्ही विचाराल. नाही. ती पहिल्यासारखीच भडकायची, संध्याकाळी ताक घेऊन जायची. पण भट्टीच्या तोंडाशी तिने एक घुंगरू बांधलं होतं, सरपण आत सारायला गेलं की हाताला लागून वाजेल असं. ते वाजलं की ती घटकाभर थांबायची. मडकी करपणं जवळजवळ थांबलं.

तात्पर्य एवढंच: आपला दोष ओळखून, डोकं शांत असतानाच जो त्याला अडसर घालून ठेवतो, त्याच्या हातून ऐन वेळी नाश होत नाही.